चित्राच्या पाठीमागचं काम : आमची वाटचाल

आमच्या कारखान्यात चित्रं बहुतेक वेळ उलटीच ठेवलेली असतात, तोंड भिंतीकडे आणि पाठ आमच्याकडे. कोल्हापूर, सांगली, बेळगावचे चित्रकार काम घेऊन येतात, आणि प्रदर्शनाच्या भिंतीवर ते लागेपर्यंतची जबाबदारी आमची असते. कॅनव्हास ताणणं, माउंट म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट कापणं, फ्रेम, पॅकिंग, टेम्पो आणि शेवटी गॅलरीत टांगणं.

दुकान मूळचं आबांचं, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं. देवांचे फोटो, लग्नाचे फोटो, शाहू महाराजांची तसबीर आणि तालमीतले पैलवान यांच्या फ्रेमांवर घर चालायचं. आम्ही सुतार. या गावात सुतारकाम आणि चित्रकला फार लांब लांब राहत नाहीत. चित्रकार आणि सिनेमा दिग्दर्शक बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या त्याच हातांनी त्यांनी सिनेमाचा कॅमेराही इथेच घडवला. आबांना त्याचा मोठा अभिमान. मी पेंटिंगचं शिक्षण घेऊन दुकानात बसायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘रंगाचं शिकलीस, आता लाकडाचं शिकणार न्हवं?’’

लाकूड शिकायला वेळ लागला. स्ट्रेचरचं, म्हणजे कॅनव्हास ज्यावर ताणतात त्या चौकटीचं, लाकूड नीट वाळलेलं नसेल तर ती पिळते, आणि चौकट पिळली की चित्राचा एक कोपरा भिंतीपासून सुटतो. कोल्हापूरचा जुलै ज्याने पाहिलाय त्याला हवेतला ओलावा काय करतो ते सांगायला नको. ताणलेला कॅनव्हास सैल पडतो, मध्ये पोट येतं. म्हणून आम्ही स्ट्रेचरचे कोपरे खिळ्यांनी पक्के करत नाही. आतून पाचरी ठेवतो, म्हणजे दिवाळीनंतर हलकेच ठोकून कॅनव्हास पुन्हा ताणता येतो. आडवी पट्टीही मोठ्या मापाला घालतोच, चित्रकार नको म्हणाला तरी. पट्टीच्या आतल्या कडेला उतार देतो, नाहीतर काही वर्षांनी तिची रेघ चित्राच्या पुढच्या बाजूला उठते.

कोल्हापुरात जलरंग करणारे पुष्कळ. पूर्ण कागद 22 बाय 30 इंचांचा. तो काचेला चिकटून बसला की पावसाळ्यात बुरशी धरलीच म्हणून समजा. माउंट शोभेसाठी असतो असं लोकांना वाटतं, पण त्याचं खरं काम कागद आणि काच यांच्यात हवा ठेवण्याचं आहे. माउंट बोर्ड आम्लविरहित हवा. साध्या पुठ्ठ्यातलं आम्ल कागदात उतरतं आणि कडा पिवळ्या पडतात. कागद चिकटपट्टीने तर कधीच लावू नये. आम्ही जपानी कागदाच्या बारीक बिजागऱ्या गव्हाच्या खळीने लावतो, आणि त्याही फक्त वरच्या कडेला. कागदाचा खालचा भाग मोकळा राहिला पाहिजे, त्याला फुगायला आणि आक्रसायला जागा लागते. हे काम सावकाश होतं आणि महाग पडतं. तरी यात आम्ही तडजोड करत नाही. ज्याला स्वस्तात हवंय त्याला पातळ फ्रेम देऊ, पण बिजागरी हीच.

पॅकिंगमध्ये आम्ही ओढले गेलो. एक तरुण चित्रकार मुंबईहून परत आला तो थेट आमच्याकडे. त्याचे ॲक्रिलिकचे कॅनव्हास कुणीतरी बबल रॅपमध्ये उघडेच गुंडाळले होते. प्रवासात गरम होऊन रंग मऊ पडला आणि चित्रातल्या सगळ्या आकाशावर गोल गोल ठसे उमटले. वर्षभराचं काम होतं ते. तेव्हापासून रंगाच्या अंगाला गुळगुळीत ग्लासीन कागद, वर पुठ्ठा, मग बबल, असा आमचा क्रम ठरला. काचेवर चिकटपट्टीची फुली मारतो, म्हणजे काच फुटली तरी तुकडे कागदात घुसत नाहीत. कॅनव्हास गुंडाळून पाठवायचा असेल तर रुंद पाइपवर, रंग बाहेरच्या अंगाला ठेवून. रंग आत घेतला तर तो चेपतो आणि सुरकुततो.

मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शन करावं हे इथल्या प्रत्येक चित्रकाराच्या मनात असतं. 1952 पासूनची ती जागा. अर्ज केल्यावर तारीख मिळायला काही वर्षं जातात. तारीख आली की आम्ही चित्रकाराला शेजारी बसवतो आणि तिथून मागे मोजत येतो. तैलरंग पाण्यासारखा सुकत नाही, तो हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतो. वरून कोरडा वाटला तरी जाड थर आतून ओला असतो, आणि नेहमीचं वार्निश लावायला सहा महिने ते वर्ष थांबावं लागतं. म्हणजे मोठी तैलचित्रं आधी, जलरंग आणि स्केचेस शेवटी. फोटो काच बसवण्यापूर्वी काढायचे. कॅटलॉगसाठी मापं लिहिताना उंची आधी की रुंदी, हे एकदा ठरवून सगळीकडे तेच ठेवायचं.

तिथला आठवडा मंगळवार ते सोमवार. एकाची चित्रं उतरतात आणि लगेच दुसऱ्याची लागतात, त्यामुळे लावण्यासाठी हातात तास मोजकेच. आम्ही चित्रांचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर धरतो. वरच्या कडा एका रेषेत आणण्याचा मोह टाळतो, कारण लहान चित्र मग छताकडे पळतं. चित्रकार त्या वेळी दमलेला असतो, त्याला सगळीच चित्रं लावायची असतात. दोन-तीन खाली ठेवा, हे त्याला सांगणं मी माझंच काम मानते.

फ्रेमवाल्याने यात कशाला पडावं, असं पूर्वी नातेवाईक विचारायचे. केकू गांधींनी मुंबईत 1941 मध्ये केमोल्ड ही फ्रेमांची कंपनी काढली, तिथे तरुण चित्रकारांची कामं लागू लागली, आणि 1963 मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड उभी राहिली. हे आबांना वाचून दाखवलं, तेव्हा काही न बोलता त्यांनी दुकानाची एक भिंत देवांच्या फोटोंपासून मोकळी करून दिली. त्या भिंतीवर आजही नव्या मुलांची चित्रं लागतात. विक्री झाली तर पैसे पूर्ण त्यांचे.

पैशाचा प्रश्न मोठा आहे. भाडं, फ्रेम, टेम्पो, मुंबईत राहणं, सगळा खर्च आधी आणि विक्री नंतर, तीही झाली तर. म्हणून ठरावीक मापांच्या फ्रेमा आम्ही प्रदर्शनापुरत्या भाड्याने देतो. चित्र विकलं गेलं तर फ्रेमचे पैसे, नाहीतर फ्रेम परत. धंद्याच्या हिशेबाने यात फार उरत नाही, पण यामुळे इथल्या राजर्षी शाहू स्मारक भवनाच्या दालनात पहिलं प्रदर्शन भरवणारी मुलं वाढली, आणि त्यांतली काही आता आमची कायमची गिऱ्हाईकं आहेत.

अलीकडे गावातल्या जुन्या घरांतून चित्रं फ्रेमच्या दुरुस्तीसाठी येतात. सुंदर निसर्गचित्र असतं, बहुधा रंकाळा, आणि मागे काहीच लिहिलेलं नसतं. कुणी काढलं, कधी, घरातही कुणाला माहीत नसतं. त्यामुळे आता आमच्याकडून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक चित्राच्या पाठीवर कागदाची पट्टी असते : नाव, शीर्षक, माध्यम, माप, साल. चित्रकाराला कितीही घाई असली तरी ती आम्ही त्याच्याच अक्षरात लिहून घेतो, आणि मगच पाठीमागचा बोर्ड बसवतो.