एलपीटी पोर्टवरचा डोंगल आणि नवं मशीन

डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर पुस्तकांची पानं लावायच्या, धंद्यात विंडोज एक्सपी अजून चालू आहे, हे नव्या मुलांना पटत नाही. पण ज्यांनी पेजमेकर ७ या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पुस्तकं लावली, त्यांच्याकडे त्याच पुस्तकांच्या पुढच्या आवृत्त्या आजही येतात. प्रकाशक सांगतात, "दोनच पानं बदलायची आहेत, बाकी सगळं तेच." ते 'बाकी सगळं' युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या, आधीच्या फॉन्टमध्ये आहे. त्या फाइलीत मराठी अक्षरं नसतातच. रोमन अक्षरांच्या जागांवर काना, वेलांट्या, अर्धी अक्षरं बसवलेली असतात. फॉन्टचं पॅकेज नसलं की पानभर टिंबं डोक्यावर घेतलेली परदेशी अक्षरं आणि चलनांची चिन्हं दिसतात. असा मजकूर युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर मिळतात, मी वापरतेही. पण मजकूर बदलला की ओळी हलतात, पानं सरकतात, सूचीतले आकडे चुकतात आणि सगळं पुस्तक पुन्हा प्रुफाला जातं. चारशे पानांच्या ग्रंथासाठी तो खर्च कोणताही छोटा प्रकाशक करत नाही.

म्हणून जुन्या मशीनची हार्ड डिस्क कटकट वाजायला लागली तेव्हा मला फाइलींपेक्षा सॉफ्टवेअरची काळजी जास्त होती. फाइलींची कॉपी होती. पण मराठी फॉन्टचं पॅकेज डोंगलवर, म्हणजे मशीनला लावायच्या किल्लीसारख्या छोट्या उपकरणावर, चालतं, आणि माझा डोंगल प्रिंटरच्या जुन्या २५ पिनांच्या एलपीटी पोर्टला लावायचा होता. तो पोर्ट आता नव्या मशीनला येतच नाही.

मशीन बघायला आलेल्या मुलानं केस उघडली. मदरबोर्डवरचे दोन कपॅसिटर वरून फुगले होते, एकाच्या बुडाशी तपकिरी डाग होता. तो म्हणाला, "ताई, ही डिस्क आता सारखी चालू-बंद करू नका. आणि चेकडिस्क, ते विंडोजचं डिस्क तपासायचं, तर अजिबात चालवू नका, उरलेलं पण जाईल. एकदाच चालवू आणि सगळी उतरवून घेऊ." हा सल्ला सोन्याचा होता. डिस्क आयडीई या जुन्या जोडणीची, त्यामुळे पुण्याच्या तपकीर गल्लीतून ती यूएसबीला लावायचं कन्व्हर्टर आणलं आणि लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू लावलं. हा प्रोग्राम आधी नीट वाचता येणारा भाग उचलतो आणि अडणाऱ्या जागा शेवटी पुन्हा पुन्हा वाचून बघतो. कुठपर्यंत वाचलं याची नोंद मॅप फाइलमध्ये ठेवतो, म्हणून मध्ये वीज गेली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. ८० जीबीची डिस्क, शेवटचा थोडा भाग रात्रभर रेंगाळला, पण प्रतिमा, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल, हाती आली.

सगळं नव्यानं इन्स्टॉल का केलं नाही, असं बरेच जण विचारतात. जुन्या काही सेटअप फाइली १६ बिटी असतात, त्या ६४ बिटी विंडोजवर सुरूच होत नाहीत. डोंगलचा जुना ड्रायव्हर सही नसलेला, त्यामुळे विंडोज ११ तो घेत नाही. शिवाय मी शब्दकोशात घातलेले शब्द, कळफलकाची मांडणी, स्टाइल्स, सगळं त्या एक्सपीतच होतं. म्हणून अख्खी प्रतिमा व्हर्च्युअलबॉक्सच्या (मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) डिस्कमध्ये बदलून नव्या मशीनच्या आत एक्सपी तसंच्या तसं चालवायचं ठरलं. ती डिस्क आयडीई कंट्रोलरलाच जोडावी लागते. साटा या नव्या जोडणीला जोडली तर एक्सपीकडे त्याचा ड्रायव्हर नसतो आणि 7बी आकड्याच्या चुकीचा निळा पडदा येऊन मशीन अडतं. विंडोजनं पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागितलं. माझी एक्सपी दुकानातून वेगळी घेतलेली होती, मशीनबरोबर आलेली नव्हती, म्हणून ती दुसऱ्या मशीनवर नेता आली. पेजमेकर लगेच उघडलं; त्याला सिरियल नंबर पुरतो.

अडलं ते डोंगलपाशी. यूएसबीला एलपीटीची वायर मिळते, पण ती प्रिंटरपुरतीच असते. डोंगलचा प्रोग्राम थेट पोर्टच्या पत्त्यावर बोलतो आणि त्या वायरीत तो पत्ताच नसतो. मराठी पॅकेजच्या कंपनीला फोन केला. पहिल्यांदा उत्तर आलं, "ती आवृत्ती बंद झाली मॅडम, नवीन घ्या." नवीन आवृत्ती चांगलीच असेल, पण माझी जुनी पुस्तकं याच आवृत्तीत लावलेली आहेत, आणि त्या आवृत्तीचे मी पूर्ण पैसे भरलेले आहेत. मी बिल, रजिस्ट्रेशन कार्ड आणि डोंगलवर कोरलेला नंबर यांचे फोटो मेलनं पाठवले आणि स्पष्ट लिहिलं की मला दुसरं लायसन्स नको, आहे तेच यूएसबी डोंगलवर हवं. मग तिथल्या एका जुन्या इंजिनिअरचा फोन आला. त्यांनी जुना डोंगल कुरियरनं मागवून घेतला, थोडी फी घेतली आणि त्याच आवृत्तीचा यूएसबी डोंगल पाठवला, सोबत एक्सपीचा ड्रायव्हर. ते बिल मी इतकी वर्षं जपलं होतं म्हणून हे झालं. इंटरनेटवर डोंगल तोडून देणारे खूप आहेत, मलाही दोघांनी सुचवलं. ते मला नको होतं. ज्यांनी मराठी अक्षरांसाठी एवढे कष्ट घेतले, त्यांचं सॉफ्टवेअर मी चोरून वापरणार नाही.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्या डोंगलचा यूएसबी फिल्टर लावून ठेवलाय, म्हणजे एक्सपी सुरू झालं की तो आपोआप आत जातो. एक्सपीचं नेटवर्क बंद आहे. २०१४ च्या एप्रिलपासून तिला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत, तिला इंटरनेटवर सोडायचं नाही. फाइली शेअर्ड फोल्डरमधून ये-जा करतात. नव्या प्रिंटरला एक्सपीचा ड्रायव्हर नाही, म्हणून आत पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेचा प्रिंटर टाकून कागदाऐवजी फाइलवर प्रिंट काढते आणि बाहेर घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामनं पीडीएफ करते. फॉन्ट पीडीएफमध्ये बसतात, प्रेसला काही अडत नाही. पहिली फाइल उघडली ती एका संतचरित्राच्या चौथ्या आवृत्तीची. जोडाक्षरं, रफार, ओळींची तोडणी, सगळं जिथल्या तिथे. दोन पानं बदलली आणि संध्याकाळी पीडीएफ पाठवून दिली.