तुम्ही विचारलंत म्हणून: लग्नाशिवायचं बाळंतपण, बेताचा पगार आणि विमा

प्रश्न थोड्याफार फरकाने असा असतो: "आम्ही दोघं एकत्र राहतो, लग्न केलेलं नाही. मिळून पंचवीस-तीस हजार येतात, त्यातले आठ भाड्यात जातात. आता तिला तिसरा महिना लागलाय. विमा नाही. लग्नाचा दाखला नसेल तर सरकारी दवाखान्यात नाव घालून घेतात का? आणि खर्च कसा भागवायचा?"

नाव घालून घेतात. दाखला मागायचा त्यांना अधिकारही नाही. खर्चाचं उत्तर मात्र थोडं लांब आहे.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही योजनेचा कागद हातात घेतला की आधी एकच गोष्ट बघायची: लाभ कोणाला दिलाय? 'गरोदर स्त्री', 'विमाधारक स्त्री', 'नोंदीत महिला कामगार' असं असेल तर लग्नाचा प्रश्नच उद्भवत नाही. 'कामगाराची पत्नी' असं असेल तर ते दार तुमच्यासाठी बंद. मोठ्या रकमेच्या बहुतेक गोष्टी पहिल्या प्रकारात मोडतात. म्हणून त्याची नोकरी तिच्यापेक्षा कितीही चांगली असली तरी सगळे कागद तिच्या नावाने उभे करा. त्याचा पगार रोख खर्चासाठी ठेवा.

पुढचं सगळं दोघंही सज्ञान आहेत असं धरून लिहिलंय. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर पोक्सो कायद्याने (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) दवाखान्याला पोलिसांना कळवावंच लागतं. उपचार त्यामुळे नाकारता येत नाहीत, पण तो विषय वेगळा आहे.

मूल ठेवायचं की नाही हेच ठरलं नसेल तर घाईने एवढं जाणून घ्या. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ ला झालेल्या दुरुस्तीने 'विवाहित स्त्री आणि तिचा पती' यांच्या जागी 'स्त्री आणि तिचा जोडीदार' असे शब्द आले. २० ते २४ आठवड्यांची सवलत अविवाहित स्त्रीलाही आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ ला स्पष्ट केलं. सही फक्त तिची लागते.

आता विमा. दिवस राहिल्यावर घेतलेली खासगी पॉलिसी त्या बाळंतपणाचा पैसा देत नाही. साध्या आरोग्य विम्यात बाळंतपण, गुंतागुंतीची प्रसूती आणि सिझरसुद्धा सरळ वगळलेलं असतं. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या अपवादांच्या यादीत हा अठरावा अपवाद आहे. त्यातून सुटते ती गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा. ज्या पॉलिसीत मॅटर्निटी कव्हर असतं, तिथे प्रतीक्षा काळ नऊ महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंत असतो आणि मिळणाऱ्या रकमेला मर्यादा असते. एजंट म्हणेल, "फॉर्मवर विवाहित लिहा, गरोदरपणाचं सांगू नका." तसं करू नका. खोट्या माहितीवर घेतलेल्या पॉलिसीचा क्लेम नेमका गरजेच्या वेळी फेटाळला जातो आणि हप्ताही बुडतो. बेताच्या मिळकतीत तो हप्ता आत्ता हातात असलेला बरा. अपवाद एकच: तिच्या स्वतःच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी. अशा पॉलिसीत बरेचदा प्रतीक्षा काळ नसतो, म्हणून एचआरकडून कागद मागवून मॅटर्निटीची मर्यादा वाचा. त्याच्या कंपनीच्या पॉलिसीत 'स्पाउस' लिहिलेलं असतं. काही मोठ्या कंपन्या 'पार्टनर'लाही घेतात, पण कमी पगाराच्या नोकरीत ते क्वचितच.

तिचा पगार महिना २१,००० किंवा त्याखाली असेल आणि पगारपत्रकावर ईएसआयसी (कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी) कापलेलं दिसत असेल, तर तुमच्या हातात सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. पगाराचा पाऊण टक्का तिचा कापला जातो, सव्वातीन टक्के मालक भरतो. बदल्यात दवाखाना मिळतो आणि २६ आठवडे सरासरी रोजच्या पूर्ण वेतनाइतका मातृत्व लाभ रोखीने मिळतो. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. हयात असलेली दोन मुलं आधीच असतील तर लाभ १२ आठवड्यांचा होतो. ती विमाधारक आहे एवढंच पुरतं, लग्न कुठेही विचारात घेतलेलं नाही.

यात अडकायला होतं ते ७० दिवसांच्या अटीवर. वर्गणीचे दोन काळ असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. प्रसूती ऑगस्टमध्ये असेल तर आधीच्या वर्षीच्या एप्रिलपासून त्या वर्षीच्या मार्चपर्यंत, या बारा महिन्यांत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली हवी. म्हणजे मे महिन्यात नव्याने नोकरीला लागून ऑगस्टचा लाभ मिळत नाही. दुसरी अडचण ठेकेदाराची. पगारातून पैसे कापतात आणि पुढे भरत नाहीत. म्हणून चौथ्या महिन्यातच तिचा दहा आकडी विमा क्रमांक घेऊन ईएसआयसीच्या संकेतस्थळावर महिन्यामहिन्याची वर्गणी तपासा. खाडा दिसला तर पगाराच्या स्लिपा घेऊन शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्या. नवव्या महिन्यात हे लक्षात आलं तर पैसे मिळेपर्यंत बाळ रांगायला लागतं.

ईएसआयसी लागू नसेल पण आस्थापनेत दहा किंवा जास्त माणसं असतील, तर हीच २६ आठवड्यांची पगारी रजा मालकाने द्यायची असते. अट अशी की प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत तिने ८० दिवस काम केलेलं हवं. तिथेही कायदा 'स्त्री' म्हणतो.

त्याचं ईएसआयसी असेल तर? तिला त्यावर उपचार मिळणार नाहीत, कारण कुटुंबाच्या व्याख्येत लग्नाचा जोडीदार आहे. बाळाच्या बाबतीतही व्याख्येत 'औरस' (लग्नसंबंधातून झालेलं) हा शब्द बसलेला आहे, म्हणून बाळाचं नाव त्या कार्डात सहज जाईल असं धरून चालू नका.

बांधकामावर काम असेल तर हाच फरक पैशात मोजता येतो. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नैसर्गिक प्रसूतीला १५,००० आणि सिझरला २०,००० रुपये देतं, दोन हयात मुलांपर्यंत. ते नोंदीत महिला कामगाराला किंवा नोंदीत पुरुष कामगाराच्या पत्नीला मिळतात. दोघंही साइटवर असतात आणि नोंदणी मात्र फक्त त्याची झालेली असते, हे नेहमीचं चित्र. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला घेऊन तिची वेगळी नोंदणी करा आणि ती चालू ठेवा.

आता बाळंतपण कुठे करायचं. खासगी नर्सिंग होममध्ये सिझर झालं की तुमची दोन-तीन महिन्यांची मिळकत जाते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली, जो १ जून २०११ पासून आहे, सरकारी दवाखान्यात प्रसूती आणि सिझर मोफत असतं. औषधं, तपासण्या, रक्त, साध्या प्रसूतीनंतर तीन आणि सिझरनंतर सात दिवसांपर्यंत जेवण, घरून दवाखान्यात आणि परत घरी न्यायला १०२ ची गाडी, हे सगळं त्यात येतं. बाळ आजारी पडलं तर वर्षभरापर्यंतचे उपचारही. प्रकृती अचानक बिघडली तर १०८ लावा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरलाही पैसे नाहीत. ससूनसारखी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आणि महापालिकांचे दवाखाने या निर्णयात नव्हते, त्यामुळे तिथे किरकोळ शुल्क लागू शकतं.

बारा आठवड्यांच्या आत नाव घाला. आशाताई किंवा सिस्टरकडून माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. शहरात आशाताई माहीत नसेल तर जवळच्या महापालिका दवाखान्यात किंवा प्रसूतिगृहात जा. आधार गावच्या पत्त्याचं असलं तरी अडत नाही. धनुर्वाताची इंजेक्शनं, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिथे फुकट मिळतात. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरची तपासणी होते. चौथ्या महिन्यापासून निदान त्या दिवशी तरी जाच. अंगणवाडीतही नाव द्या, पोषण आहार मिळतो.

हे सगळं मोफत असलं तरी खिशातून पैसे जातात ते बरेचदा सोनोग्राफीला. सरकारी तारीख पुढची मिळते, पण १८ ते २० आठवड्यांत व्यंग पाहण्याची सोनोग्राफी वेळेतच व्हायला हवी. म्हणून पहिल्याच भेटीत तिची तारीख मागून घ्या. "बाहेरून करून आणा" असं सांगितलं तर ते लिहून मागा. लिहून मागितलं की बरेचदा आतच सोय होते. सोनोग्राफी केंद्रात फॉर्म एफ (सोनोग्राफीच्या नोंदीचा फॉर्म) भरताना नवऱ्याचं नाव विचारतील. त्या रकान्यात वडिलांचं किंवा आईचं नावही चालतं, फॉर्मवर तसं छापलेलंच असतं.

आणि इथे सगळ्यात जास्त घडणारा घोटाळा. सिस्टर घाईत असते. ती "मिस्टरांचं नाव?" विचारते, तुम्ही संकोचाने त्याचं नाव सांगता आणि कार्डावर तिचं नाव त्याच्या आडनावासकट 'सौ.' लावून उतरतं. त्या क्षणी काही बिघडत नाही. बिघडतं चार महिन्यांनी, कारण आधार आणि बँकेत तिचं माहेरचं नाव असतं आणि योजनेचा अर्ज जुळत नाही म्हणून परत येतो. नाव आधारवर आहे तसंच, अक्षर न अक्षर, लिहायला लावा. त्याचं नाव नातेवाईक किंवा जोडीदार म्हणून द्या. आवाज चढवायची गरज नाही, आधार कार्ड पुढे करून "असंच लिहा ताई" एवढं म्हटलं तरी पुरतं.

सिझरच्या वेळी "नवऱ्याची सही आणा" म्हणतात. सज्ञान, शुद्धीत असलेल्या स्त्रीची स्वतःची संमती हीच कायद्याने खरी संमती. २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शुद्धीवर येऊ शकणाऱ्या रुग्णाऐवजी तिच्या आईने दिलेली संमतीसुद्धा ग्राह्य धरली नव्हती. त्याने साक्षीदार म्हणून सही करायला हरकत नाही, पती म्हणून करू नये.

हातात येणारे पैसे बघू. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये, ३,००० आणि २,००० अशा दोन हप्त्यांत, आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० एकरकमी. मिळकत वर्षाला आठ लाखांच्या आत असल्याचा दाखला, रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड असा कुठलातरी एक पुरावा लागतो. योजनेच्या पहिल्या रूपात नवऱ्याचं आधार सक्तीचं होतं. दुसऱ्या रूपात एकल मातांना घेता यावं म्हणून ती सक्ती काढली. तरी जुना फॉर्म डोक्यात असलेली मंडळी ते मागतात. तेव्हा वाद न घालता योजनेच्या संकेतस्थळावर स्वतःच अर्ज भरा. पैसे आधारशी जोडलेल्या तिच्या खात्यातच जातात. गावातलं एखादं विसरलेलं खातं जोडलेलं असेल तर तिकडे जातात, म्हणून बँकेत जाऊन कुठलं खातं आधारशी जोडलेलं (सीड) आहे ते आधी विचारा. ती अनुसूचित जाती-जमातीची किंवा दारिद्र्यरेषेखालची असेल तर जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये वेगळे. रक्कम लहान आहे, पण रिक्षाचं भाडं तरी सुटतं.

धोका वाढला आणि खासगी रुग्णालयाची वेळ आली तर दोन वाटा आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं कवच आहे. साधं बाळंतपण तिच्यावर टाकून बसू नका. गुंतागुंत झाली किंवा बाळाला काचेत ठेवावं लागलं तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) गाठा किंवा १५५३८८ वर विचारा. इथे अविवाहित असण्याचा एक फायदा आहे: तिचं नाव अजून आईवडिलांच्या रेशनकार्डात असतं आणि ते कार्ड चालतं. आत्ता ते नाव कमी करून घेऊ नका. नव्या कार्डात चढेपर्यंत तिचं नाव कुठेच नसेल. दुसरी वाट धर्मादाय रुग्णालयांची. त्यांना १० टक्के खाटा मोफत आणि १० टक्के निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. मिळकतीची मर्यादा अनुक्रमे वर्षाला १.८० लाख आणि ३.६० लाख आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला सातव्या महिन्यातच काढून ठेवा आणि भरती होताना बिलिंगच्या खिडकीआधी वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. बिल झाल्यावर सवलत मागणं फार अवघड जातं.

जन्म झाल्यावर नोंद दवाखानाच निबंधकाकडे पाठवतो. म्हणजे दवाखान्याच्या कागदावर जे लिहिलंय तेच दाखल्यावर येणार. २१ दिवसांत नोंद फुकट होते. डिस्चार्जआधी भरलेला फॉर्म वाचून बघा, नंतरच्या दुरुस्तीत फेऱ्या होतात. त्यात लग्नाच्या वेळचं आईचं वय विचारणारा रकाना असतो. तो आकडेवारीसाठी आहे, दाखल्यावर छापत नाहीत, कोरा सोडा. वडिलांचं नाव लावायचं असेल तर दोघांचं मिळून प्रतिज्ञापत्र तयार ठेवा, निबंधक ते मागू शकतो. लावायचं नसेल तर आईचं प्रतिज्ञापत्र पुरतं, असं सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१५ च्या निकालात सांगितलंय. लग्न न झालेल्या आईवडिलांच्या मुलालाही वडिलांकडून पोटगी मागता येते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली. तेव्हा नाव लावायचं की नाही हे ठरवताना दोघांनी नीट बोलून घ्या. दाखला हातात आला की त्याच्या चार प्रती काढा: एक मातृवंदनाच्या पुढच्या हप्त्यासाठी, एक रेशनकार्डासाठी, एक बाळाच्या आधारसाठी, आणि एक तिच्या कंपनीत द्यायला.