घोडीसकट फोटो

२२ जानेवारी, मुरबाड

भातं कापून झाली की माळशेज घाट उतरून मेंढपाळ धनगरांचे वाडे, म्हणजे फिरते तळ, या बाजूला येतात. आजचा वाडा पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीकडचा. रिकाम्या शेतात रात्री मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात शेतकऱ्याकडून धान्य नाहीतर पैसे घ्यायचे, की चला पुढच्या शेतावर. दुपारी पुरुष मेंढरांमागे गेलेले. तळावर बायका, पोरं आणि कोकरं.

मायलेकरांचा फोटो म्हटलं की शहरात काय आवडतं ते ठरलेलं आहे. शेंबडं नाक, धुळीने माखलेल्या झिपऱ्या, मोठाले डोळे. तळावरच्या ज्या आईचा फोटो काढत होते तिला नेमकं हेच नको होतं. कॅमेरा बाहेर काढला तशी म्हणाली, "थांब की ताई, तोंड तरी धुऊ दे पोराचं." मग कळशीतलं पाणी, पदराने खसाखसा पुसणं, पोराचं भोकाड, गालावर काजळाची तीट. पदर डोक्यावर घेऊन ती ताठ उभी राहिली. हसली नाही. मीही "जरा हसा" म्हटलं नाही. हसरे फोटो हे आपलं खूळ.

८५ मिमीची, लांबून चेहरे टिपणारी लेन्स पिशवीतच ठेवली. तिने चेहरे देखणे येतात, पण मागचं सगळं विरघळून जातं. ३५ मिमीच्या रुंद लेन्सने जवळ जावं लागतं आणि वाघर (मेंढरं कोंडायची जाळी), कोंबड्यांचं डालगं, पालथी घातलेली पातेली सगळं चौकटीत येतं. यायलाच हवं. तळ हलतो तेव्हा हे सगळं घोडीवर लादते तीच, वर पोराला बसवते, शेजारी चालू न शकणारं कोकरू.

अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँगने १९३६ साली कॅलिफोर्नियात निपोमोला काढलेला आई आणि मुलांचा फोटो सगळ्यांना माहीत असतो. त्यात तंबूचा खांब धरलेल्या हाताचा अंगठा कोपऱ्यात खुपतो म्हणून लँगने तो नंतर निगेटिव्हवरून घालवला. त्या बाईला नावही विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळायला १९७८ उजाडलं. फोटो थोरच आहे, पण त्या अंगठ्यापायी मी लँगवर अजून रुसलेली आहे.

तळावरून निघताना या आईच्या दिराचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर मिळाला. पण हिला मोबाइलमधला फोटो नको, कागदावरचा हवाय, तोही घोडीसकट. "पलास्टिक लावून आण, इथं सगळं भिजतं." पावसाआधी हे लोक घाट चढून परत जातील. त्याआधी वाडा कुठे आहे ते दिराला विचारून गाठायचं.