चेन्नईत गाणं ऐकायचं तर दुपारी

डिसेंबरात चेन्नईला निघालो की कट्ट्यावर कुणीतरी विचारतंच, "सवाई गंधर्व सोडून तिकडं काय करायलास बे? तमिळ तरी कळतं का तुला?"

तमिळ मला येत नाही. पण चेन्नईच्या मैफलीत जे गातात त्यातलं कितीतरी तेलुगू असतं, आणि सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाच्या कानाला तेलुगू परकी नाही. त्यागराज (१७६७-१८४७) म्हणजे कर्नाटक संगीताचे, दक्षिणेकडच्या शास्त्रीय संगीताचे, मोठे रचनाकार. ते तंजावरजवळच्या तिरुवैयारला राहिले, पण त्यांच्या बहुतेक रचना तेलुगूत आहेत. आमचं घर मराठी, शेजार पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचा. दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट चालायचा. संध्याकाळी माग थांबले की शेजारच्या अक्का देवापुढं हारती, म्हणजे तेलुगू आरती, म्हणायच्या, ती भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकू यायची. पुढं कर्नाटक संगीत कानावर पडलं तेव्हा राग नवे वाटले, भाषा घरचीच वाटली.

शिवाय मुंबई-चेन्नई रेल्वेमार्ग सोलापूरवरूनच जातो. गाडी बदलायची भानगड नाही. शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून घ्यायची आणि बसायचं.

तमिळ मार्गळी महिना डिसेंबरच्या मध्याला सुरू होतो आणि संक्रांतीला संपतो. चेन्नईचा 'सीझन' याच दिवसांतला, आणि खरी गर्दी पंधरा डिसेंबर ते एक जानेवारी. १९२७ साली मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन झालं, त्याच्याबरोबर संगीत परिषद भरली, आणि तिच्यातून पुढच्या वर्षी म्युझिक अकादमी उभी राहिली. नंतर एकेक सभा आपापला महोत्सव भरवत गेली. सभा म्हणजे गाण्याची संस्था. आज म्युझिक अकादमी, नारद गान सभा, कृष्ण गान सभा, ब्रह्म गान सभा आणि बाकीच्या कितीतरी सभांत एकाच दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत गाणं चालू असतं. २०१७ मध्ये युनेस्कोनं चेन्नईला संगीतासाठी सर्जनशील शहरांच्या यादीत घेतलं, त्यात मला तरी नवल वाटलं नाही.

एवढं सगळं समोर असल्यावर नवखा माणूस मोठ्या नावांच्या मागं लागतो. संध्याकाळच्या तिकिटासाठी सकाळी खिडकीवर रांग लावतो आणि मागच्या रांगेतून बारीक दिसणारा गायक ऐकून येतो. ते गाणं उत्तमच असतं. पण माझं मत विचाराल तर चेन्नईत गाणं ऐकावं ते दुपारी. बहुतेक सभांत दुपारच्या मैफलींना तिकीट नसतं. गाणारी मुलं-मुली विशीतली, पंचविशीतली असतात. वर्षभर घासून-पुसून तयार केलेलं त्यांना मिळालेल्या दीड-दोन तासांत मांडायचं असतं, त्यामुळं त्यात फापटपसारा राहत नाही. आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसू शकता.

चेन्नईतल्या मैलापूर भागातल्या एका लहान सभागृहात मी असाच पहिल्या रांगेत बसलो होतो. पडदा उघडाच होता. मृदंगम वाजवणाऱ्या मुलानं वाटीतला भिजवलेला रवा घेतला आणि डाव्या पुडीच्या, म्हणजे चामडं चढवलेल्या तोंडाच्या, मधोमध बोटांनी थापून बसवला. एक थाप मारली, कान लावला, चिमूटभर काढला, पुन्हा थाप. आपल्याकडं पखवाजाला कणीक लावतात तसंच हे. तो रवा बसेपर्यंत गाणारी मुलगी शांत बसून होती, व्हायोलिनवाला तारा जुळवत होता. मैफल कशी तयार होते ते हाताच्या अंतरावरून बघायला मिळालं.

मुलीनं खरहरप्रिया घेतला. आपल्या काफी थाटाचे स्वर, पण चाल आणि गमक, म्हणजे स्वरांना दिलेले हेलकावे, अगदी वेगळे. आलापना, म्हणजे रागाचा विस्तार, झाली, मग त्यागराजांची कृती, म्हणजे बांधलेली रचना. त्यात ते मनालाच विचारतात, चांगला राजमार्ग समोर असताना बोळांतून कशाला शिरतोस? अर्थ मला कुणी सांगावा लागला नाही. आम्ही पोरं बोळात खेळायला लागलो की अक्का जे ओरडायच्या, त्यातलेच शब्द होते.

शेजारच्या खुर्चीवर नऊवारीसारखी नेसलेल्या एक आजी मांडीवर ताल देत होत्या. तळहाताची थाप, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. मग थाप आणि उलटा हात, पुन्हा थाप आणि उलटा हात. आठ मात्रांचा आदि ताल. मी त्यांच्याकडं बघून हात चालवायला लागलो. दोन-तीन आवर्तनांनी हात बसला आणि गाण्यातली प्रत्येक वळणाची जागा आधीच कळायला लागली. नवख्या श्रोत्याला माझं एवढंच सांगणं आहे. रागाचं नाव नाही ओळखता आलं तरी चालेल, शेजारच्या माणसाचा हात बघा.

मग तनि आवर्तनम, म्हणजे फक्त तालवाद्यांचा भाग. यावेळी बरेच लोक उठून कँटीनकडं जातात. तुम्ही मात्र बसून राहा. मृदंगम आणि घटम, म्हणजे मातीचा घडा, आलटून-पालटून वाजवतात, प्रत्येक फेरीला तुकडा लहान होत जातो, शेवटी दोघं एकत्र येतात आणि तीनदा घेतलेल्या रचनेनं गाण्याच्या मुखड्यावर उतरतात. ज्याला आपल्याकडची तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर आणायचा तुकडा, ऐकायची सवय आहे त्याच्या अंगावर काटा येतो.

कँटीनही चुकवायचं नाही म्हणा. सीझनपुरती सभांच्या आवारात कँटीन लागतात. केळीच्या पानावरचं जेवण, पालेभाजीचा वडा, फिल्टर कॉफी, आणि भोवती सकाळच्या गाण्यावर हिरीरीनं भांडणारी माणसं.

शेवटच्या छोट्या रचनांत त्या मुलीनं अभंग घेतला. विठ्ठलाचा. 'ळ' अगदी स्वच्छ, कारण तो तमिळमध्येही आहेच. मृदंगमचा बाज बदलला, मागच्या रांगांतून टाळ्यांचा ठेका सुरू झाला. आजींनी मला तेलुगूत विचारलं, कुठून आलात? सोलापूर म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "पंढरपूर जवळच ना!" आणि दोन्ही हात जोडले. माझ्या जिल्ह्याला असा नमस्कार मी आधी कुठं बघितला नव्हता.

अरुणा साईराम, रंजनी-गायत्री या मुंबईत वाढलेल्या गायिकांनी तिथल्या मैफलींत अभंग लोकप्रिय केला, पण वाट त्याच्या फार आधीची आहे. तंजावरला १८५५ पर्यंत मराठ्यांचं राज्य होतं. आपले कीर्तनकार तिकडं जात. एकोणिसाव्या शतकात तंजावूर कृष्ण भागवतरांनी तिथली हरिकथा, म्हणजे तिकडचं कथाकीर्तन, घडवली, तेव्हा साकी, दिंडी, ओवी, अभंग हे छंद आपल्या कीर्तनातूनच घेतले.

झोप मोडायची तयारी असेल तर पहाटे मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराच्या चारी बाजूंच्या माडवीथींमध्ये, म्हणजे रस्त्यांवर, जा. मार्गळीत तिथं भजनं म्हणत लोक फेरी काढतात. तमिळ रचनाकार पापनाशम शिवन (१८९०-१९७३) स्वतः या फेरीच्या पुढं गात चालायचे. आपल्या वारीच्या दिंडीत चाललेल्या माणसाला तिथं कुणाची ओळख लागत नाही, मागं लागून चालायला लागायचं.

एक जानेवारीनंतर गर्दी ओसरते. परत निघालं की सिद्धेश्वरांच्या गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या जत्रेला, वेळेत पोचता येतं. यंदा अक्कांच्या नातवाला बरोबर नेणार आहे. तो गणपतीत ढोलकी वाजवतो, हात चांगला आहे. त्याला तनि आवर्तनम पहिल्या रांगेतून दाखवायचं आहे.