आमची वाटचाल : रिले पॅनेल ते सेफ्टी पीएलसी

डोंबिवली एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात आम्ही मोटर स्टार्टर आणि रिले (विजेवर चालणारे स्विच) पॅनेल बनवायला लागलो. आजूबाजूला सगळे केमिकलवाले, त्यामुळे रिअ‍ॅक्टरचे इंटरलॉक आपसूक वाट्याला आले. तापमान चढलं की स्टीमचा व्हॉल्व्ह बंद, कूलिंग वॉटर गेलं की फीड पंप बंद. काही रिले, टायमर आणि एक भोंगा. आज कोणी हसेल, पण त्या जोडणीत एक शहाणपण होतं: वीज गेली किंवा वायर तुटली, तरी प्लांट सुरक्षित बाजूलाच थांबायचा.

पुढे पीएलसी (प्रोग्रॅम करता येणारे कंट्रोलर) स्वस्त झाले आणि ग्राहक म्हणू लागले, "इंटरलॉकपण त्यातच टाका की साहेब, वेगळं पॅनेल कशाला?" यावर आम्ही पुष्कळ वाद घातलेत, काही ऑर्डरीही गेल्या. प्लांट चालवणारा आणि थांबवणारा कंट्रोलर एकच असेल, तर तो बिघडल्यावर थांबवायचं कोणी? २००३ मध्ये प्रोसेस उद्योगासाठी आयईसी ६१५११ हे सुरक्षा यंत्रणांचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. पुढे परदेशी ऑडिट असलेल्या कंपन्यांकडून 'सिल'ची (सेफ्टी इंटिग्रिटी लेव्हल, म्हणजे सुरक्षा यंत्रणा किती भरवशाची याची पातळी) विचारणा सुरू झाली आणि आमचं म्हणणं पटवणं जरा सोपं गेलं.

मग दुसरंच टोक. "थेट सिल ३ द्या, कटकट नको." सिल २ म्हणजे धोका किमान शंभरपट कमी, सिल ३ म्हणजे किमान हजारपट. यातलं कुठलं हवं हे हॅझॉप (प्लांटमध्ये कुठे काय बिघडू शकतं याची पद्धतशीर तपासणी) आणि त्यानंतरच्या अभ्यासातून ठरतं, कॅटलॉगमधून नाही. शिवाय सिल एकट्या कंट्रोलरचं नसतं, ते ट्रान्समीटरपासून (मोजमाप पाठवणारं उपकरण) व्हॉल्व्हपर्यंत पूर्ण लूपचं असतं. सर्टिफाइड महागडा कंट्रोलर बसवलेला आणि टोकाला वर्षानुवर्षं न हललेला शटऑफ व्हॉल्व्ह, हे आम्ही फार ठिकाणी पाहतो. इंग्लंडमध्ये बन्सफिल्डच्या तेल डेपोत डिसेंबर २००५ मध्ये पेट्रोलची टाकी भरून वाहिली आणि स्फोट झाला. लेव्हल गेज अडकलं होतं. स्वतंत्र हाय-लेव्हल स्विच होता, पण त्याची चाचणीची दांडी जागेवर धरणारं कुलूप बसवलेलंच नव्हतं, म्हणून तोही चालला नाही.

त्यामुळे जुनी सिस्टीम बदलायला बोलावलं की आम्ही कंट्रोल रूमआधी फील्डवर जातो. पॅनेल उघडलं की ड्रॉइंगमध्ये नसलेले जम्पर (इंटरलॉकला बगल देणाऱ्या तारा) सापडतात. ऑपरेटरला दोष देणं सोपं आहे. एकाच प्रेशर स्विचवर ट्रिप (प्लांट आपोआप बंद होणं) ठेवली आणि तो रात्री-अपरात्री खोटी ट्रिप देऊ लागला, तर माणूस जम्पर लावणारच. तिथे आम्ही तीन ट्रान्समीटर सुचवतो, कोणतेही दोन जुळले तरच ट्रिप. खर्च वाढतो, पण बॅच वाया जात नाही आणि जम्परची गरज उरत नाही. उलट, दोन-चारच लूप असतील तर आजही सर्टिफाइड सेफ्टी रिले पुरतात. असं सांगितलं की आमचं बिल निम्म्यावर येतं (भागीदाराला हे अजून पचलेलं नाही).

सध्या नव्या पॅनेलइतकंच काम प्रूफ टेस्टिंगचं (सुरक्षा यंत्रणा खरंच चालते का याच्या ठराविक काळाने होणाऱ्या चाचणीचं) आहे. वार्षिक शटडाऊनमध्ये प्रोडक्शनवाले दिवस द्यायला कुरकुरतात, म्हणून कोटेशनमध्येच कुठला व्हॉल्व्ह किती तासांसाठी लागेल ते लिहून देतो आणि त्यावर प्लांट मॅनेजरची सही घेतो.