ढगाळ दिवसाचा शिक्रा

आभाळ भरून आलं की माझ्या ओळखीतले बरेच फोटोग्राफर कॅमेरा बॅगेतून बाहेरच काढत नाहीत. शिकारी पक्ष्यांसाठी मला मात्र असाच दिवस हवा असतो. ऊन नसलं की जमीन तापत नाही, गरम हवा वर उठत नाही आणि तिच्यावर तासन्‌तास घिरट्या घालणारी मंडळी झाडाझुडपांवर बसून राहतात. एरवी आभाळात ठिपक्याएवढा दिसणारा सर्पगरुड अशा सकाळी समोरच्या फांदीवर सापडतो.

दुसरं कारण म्हणजे डोळा. शिक्रा, गरुड यांच्या डोळ्यांवर भुवईसारखी पुढे आलेली कड असते. त्यांची ती रागीट नजर तिच्यामुळेच. भर दुपारी या कडेची सावली नेमकी डोळ्यावर पडते आणि फोटोत तिथे काळी खाच उरते. ढगांखाली उजेड सगळीकडून येतो, सावली विरते, आणि प्रौढ नर शिक्र्याचा लालभडक डोळा, छातीवरच्या तांबूस आडव्या रेघा, सगळं स्वच्छ दिसतं. कडक उन्हातले शिक्र्याचे फोटो मी आता फारसे काढतच नाही.

राहिला प्रश्न उजेडाचा. आयएसओ, म्हणजे मिळालेला उजेड कॅमेरा किती वाढवून दाखवतो तो आकडा, वाढवायला लोक उगाच घाबरतात. आयएसओ कमी ठेवून फोटो काळपट काढायचा आणि नंतर कॉम्प्युटरवर उजळायचा, याने फोटोतले दाणे, म्हणजे बारीक खरखरीत ठिपके, कमी होत नाहीत. सेन्सरवर उजेड कमी पडला म्हणून ते येतात, आणि फोटो असा ओढून उजळला की अंधाऱ्या भागात उलट जास्तच दिसतात. त्यापेक्षा सरळ ६४०० लावावा आणि एक्स्पोजर बरोबर घ्यावं. पक्ष्यामागे पांढरं आभाळ असेल तर कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर फसतो, पक्ष्याचा कोळसा करतो. तिथे मी एक ते दोन स्टॉप वाढवून घेते (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट).

खरी बचत होते शटरमध्ये. बसलेल्या पक्ष्याला १/१००० सेकंदाचा वेग कशाला? लेन्स बीनबॅगवर टेकवली, फांदी वाऱ्याने हलत नसली, तर १/६० पुरतं. हा चार स्टॉपचा फरक आहे, म्हणजे १२८०० च्या जागी ८०० आयएसओवर काम भागतं. मी सलग पाच-सहा फोटो घेते, त्यातला एखादा कातीव येतोच. मात्र नजर पक्ष्यावरून काढायची नाही. उडण्याआधी तो बहुतेक वेळा सांगतो: पिसं फुलवून अंग झटकतो, शेपटी उचलून शिटतो, पुढे झुकतो. शिटला रे शिटला की शटरचा वेग वाढवायला माझं बोट डायलवर जातं.

कापशी घार तर दिवस कलल्यावरही शिकार करते. हवेत एका जागी फडफडत थांबते तेव्हा पंख जोरात हलतात, पण डोकं खालच्या गवतातल्या उंदरावर खिळलेलं असतं. त्यामुळे १/२०० वरही चेहरा स्पष्ट मिळतो, पंख पुसट होतात. मला तो फोटो गोठवलेल्या पंखांपेक्षा जास्त खरा वाटतो.

त्याहून अंधारलं की कन्व्हर्टर, म्हणजे लेन्सची पोहोच वाढवणारं जोडभिंग, काढून ठेवते. १.४ चा असेल तर एक स्टॉप परत मिळतो, २ चा असेल तर दोन. पक्षी फ्रेममध्ये लहान दिसला तर दिसू दे. फ्लॅश मी वापरत नाही.

संध्याकाळी गवताळ माळावर मुक्कामाला येणारे भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी मला सगळ्यात आवडतात. १/६० वर कॅमेरा त्यांच्या वेगाने फिरवत लांबूनच फोटो घ्यायचे, म्हणजे मागचं गवत रेघारेघांचं होतं आणि फिकट राखाडी नर त्यातून उठून दिसतो. ते खाली उतरायला लागले की मात्र गवताच्या दिशेने एक पाऊलही टाकत नाही. ते जमिनीवरच झोपतात. तिथून उठवले, तर अंधारात त्यांना दुसरी जागा शोधावी लागते.