दादाची बाजू, माझ्या तोंडून

रविवार, रात्री

आज दादाशी पुन्हा बोलले. पंधरा दिवसांपूर्वी याच विषयावरून फोन आपटला होता, त्यानंतर फक्त कामापुरते मेसेज. विषय बाबांच्या स्कूटरचा. बाबा ७६ वर्षांचे. मागच्या महिन्यात वळणावर तोल गेला, थोडक्यात निभावलं. दादा म्हणतो, किल्ली काढून घेऊ. मी म्हणते, घेतली तर ते घरात बसून खचतील.

त्या दिवशी ‘तू नेहमी असंच करतोस’पासून सुरुवात झाली आणि दहा वर्षांपूर्वीची उणीदुणी निघाली. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या प्राचीन ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत: वाद, जल्प आणि वितंडा. वाद खरं काय ते कळावं म्हणून, जल्प जिंकण्यासाठी. वितंडेत स्वतःची बाजू मांडायचीच नसते, समोरच्याची फक्त मोडायची. आमची वितंडा झाली होती. आपण ‘वाद नको’ म्हणतो तेव्हा खरं तर ही वितंडा नको असते. वाद हवाच असतो. इतक्या चांगल्या शब्दाला आपण भांडणाच्या पंक्तीला बसवलं, याचं मला वाईट वाटतं.

शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडतात, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, आणि मग उत्तर. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५१ साली जवळपास हेच सुचवलं होतं: आधी बोललेल्या माणसाचे विचार आणि भावना त्याला पटतील अशा सांगितल्याशिवाय आपलं बोलणं सुरू करायचं नाही. आज ते करून पाहिलं.

“दादा, आधी तुझं म्हणणं मी सांगते. चुकलं तर थांबव. तुला वाटतं, बाबांना आता गाडी जमत नाही.”

“जमत नाही असं मी कधी म्हटलं?”

“मग त्यांना काही झालं तर लोक तुला बोल लावतील, याची भीती आहे.”

“लोकांचं काय घेऊन बसलीस!” त्याचा आवाज चढला. माझीही कानशिलं तापली. जोडप्यांच्या भांडणांचा अभ्यास करणारे जॉन गॉटमन सांगतात की नाडीचे ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की समोरच्याचं नीट ऐकणंच अवघड होतं, तेव्हा निदान २० मिनिटं थांबावं. “अर्ध्या तासानं मीच फोन करते,” म्हटलं. हे सांगणं फार गरजेचं होतं. न सांगता ठेवलेला फोन आपटल्यासारखाच लागतो.

परत फोन केला तेव्हा अंदाज बांधले नाहीत. विचारलं, “बाबा पडले त्या दिवशी तुझं काय झालं?” हे मी महिनाभरात एकदाही विचारलं नव्हतं.

बाबांच्या फोनवरून कुणी अनोळखी माणूस बोलला होता. “यांना ओळखता का?” एवढंच, आणि फोन कट. दादा तिथे पोचेपर्यंत दहा मिनिटं गेली. ती दहा मिनिटं त्यानं कशी काढली ते सांगताना दोनदा थांबला. अजूनही बाबांचं नाव स्क्रीनवर दिसलं की त्याच्या पोटात गोळा येतो. मी ते जसंच्या तसं परत सांगितलं. बराच वेळ गप्प राहून म्हणाला, “हं. हेच.”

मग त्याची पाळी. “तू लांब राहतेस. तुझ्या वाट्याला बाबांचा फक्त आवाज येतो. बाहेर फिरून आले की तो वेगळा लागतो. तो आवाज तुला गमवायचा नाहीये.”

पहिल्याच फटक्यात बरोबर. हे मी त्याला या शब्दांत कधीच सांगितलं नव्हतं. त्या भांडणातही तो माझं ऐकत होता, आणि मी मात्र माझं पुढचं वाक्य जुळवत होते. डोळे भरून आले.

मतं बदललेली नाहीत. त्याला किल्ली काढून घ्यायची आहे, मला नाही. पण बोलता बोलता दोघांच्याही लक्षात आलं की बाबांना कुणी विचारलेलंच नाही. पुढच्या रविवारी मी जाते आहे. आधी बाबा बोलतील, मग त्यांचं म्हणणं आम्ही दोघं आळीपाळीनं त्यांना सांगू. दादा म्हणाला, पहिला मी.